राखाडी किती, पांढरं किती

सकाळचे साडेआठ. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचा मागचा व्हरांडा. मे महिना आहे. छताचे पंखे फिरताहेत, पण वारा खालपर्यंत पोचत नाही. भिंतीला लागून लोखंडी बाकं. ती केव्हाच भरलीत. उरलेले लोक फरशीवर चादरी अंथरून बसलेत. जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत जपून आणलेल्या फायली. व्हरांड्याच्या टोकाला एक जाड दार. दारावर लाल अक्षरांत सूचना : आत शक्तिशाली चुंबक आहे, तो सतत चालू असतो. दाराआडून आवाज येतात. ठक ठक ठक ठक. मग घर्र. मग काहीच नाही. मग पुन्हा ठक ठक.

एमआरआयची रांग ही उभी नसते. ती बसलेली असते. केस पेपर खिडकीतून आत जातो आणि मग माणसं दाराकडे बघत राहतात.

निळ्या शर्टातला मुलगा सात वर्षांचा आहे. आई, वडील आणि मामा यांच्याबरोबर परवा रात्रीच्या गाडीने सोलापूरकडून आलाय. फरशीवर बसून प्लास्टिकचा ट्रॅक्टर फिरवतोय. ट्रॅक्टर बाकाखाली जातो. मुलगा उठायला बघतो. आधी पालथा होतो. हात-पाय टेकून कंबर वर उचलतो. एक हात गुडघ्यावर ठेवतो. मग दुसरा. हात मांडीवर सरकतात, आणखी वर सरकतात. असा स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत तो उभा राहतो. पोट पुढे, पाठ आत. चवड्यांवर डोलत चार पावलं टाकतो आणि ट्रॅक्टर काढून आणतो. कुणी मदतीला पुढे होत नाही. त्यालाही मदत नको असते.

चड्डीखाली पोटऱ्या दिसतात. भरदार, टणक.

"पोटऱ्या बघा की," मामा मला सांगतो. "तालमीत घालायचं ठरवलं होतं पोराला."

आई काही बोलत नाही. ती मुलाला ओढून जवळ बसवते. "पळू नगंस. मॅडमनी काय सांगितलंय?" तपासणीआधी दगदग करायची नाही, असं बजावलेलं आहे. कामातून आलेल्या स्नायूत पाणी वाढतं आणि चित्रात नसलेली सूज दिसते.

आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. आईला ते पाठ आहे आणि ती ते अडखळत नाही. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला हा आजार होतो. मुलींना सहसा होत नाही, कारण दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाकडे एक्स एकच. तिच्या मांडीवरची फाइल जाड आहे. पहिली काही पानं यकृताच्या औषधांची. मूल चौथ्या वर्षी सारखं पडू लागलं. रक्त तपासलं, तर एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले. यकृत बिघडलंय असं समजून महिनोन् महिने औषधं झाली. ही दोन्ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूतही असतात, हे कुणी लक्षात घेतलं नाही. मग एका डॉक्टरने सीपीके हे स्नायूतलं द्रव्य रक्तात तपासायला सांगितलं. दोनशेच्या आसपास असायला हवं ते. कागदावर पाच आकडी संख्या आहे. कुणीतरी तिच्याभोवती पेनने गोल केलाय.

पावणेदहा. नंबर पुढे सरकलेला नाही. जिन्याकडून स्ट्रेचर येतं. डोक्याला पट्टी बांधलेला तरुण, बरोबर धावणारे दोन नातेवाईक, सलाइनची बाटली उंच धरलेला वॉर्डबॉय. जाड दार उघडतं, स्ट्रेचर बाहेरच थांबतं, माणसाला दुसऱ्या गाडीवर घेतात, दार बंद होतं. आणखी अर्धा तास गेला. कुणी तक्रार करत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस आधी जाणार हे इथल्या प्रत्येकाला मान्य आहे. स्नायूंचे आजार हळू चालतात. म्हणून ते रांगेत मागे राहतात.

खिडकीपाशी एक आजी विचारतात, "पोराला झोपेचं औषध देणार का? लहान हाय, हललं तर?" आतला टेक्निशियन मान हलवतो. या मुलांना भूल सहजासहजी देत नाहीत. सक्सिनिलकोलिन नावाचं इंजेक्शन आणि श्वासातून द्यायचे काही भूलवायू यांनी यांचे कमकुवत स्नायू एकदम फुटू शकतात. रक्तातलं पोटॅशियम चढतं. हृदय थांबू शकतं. त्यामुळे शक्यतो मूल जागंच न्यायचं. समजावायचं, आवाज आधी ऐकवायचे, बाबांना आत उभं करायचं. वेळ जास्त लागतो. तो द्यावाच लागतो.

पावणेअकराला निळ्या शर्टाचा नंबर लागतो.

पहिली खोली कपडे बदलायची. टेक्निशियन प्रश्न विचारतो. अंगात कुठे पट्टी, स्क्रू, रॉड? कानात मशीन? वडील नाही म्हणत जातात. मुलाच्या कमरेचा करदोडा निघतो. त्यातला ताईत आई मुठीत घट्ट धरते. वडिलांचा पट्टा, किल्ल्या, मोबाइल, खिशातली नाणी ट्रेमध्ये पडतात. आत वडील जाणार असं ठरतं, कारण आईच्या अंगावर मंगळसूत्र, जोडवी आणि साडीला ठिकठिकाणी पिना आहेत. सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही, पण या खोलीचा नियम सगळ्यांना एकच. चुंबक दीड टेस्लाचा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. साधी पिनसुद्धा इथे गोळी होऊन सुटते.

आत गारठा. बाहेरच्या घामावर तो एकदम बसतो. मधोमध पांढरा, जाड कड्याचा बोगदा. समोर अरुंद टेबल. मागच्या वर्षी हा मुलगा इथे ओरडून रडला होता. या वर्षी तो स्वतःहून टेबलावर चढू बघतो. जमत नाही. वडील उचलून ठेवतात. पाय आधी आत जाणार, डोकं बाहेर. गुडघ्यांखाली उशी. टाचा आता सरळ टेकत नाहीत, मागची शीर आखडलीय, म्हणून पावलांना दोन्हीकडून फोमचे तुकडे. मांड्यांवर प्लास्टिकच्या जाळीचं आवरण. कानात बोळे, वर हेडफोन. हातात रबराचा फुगा. भीती वाटली तर दाबायचा.

"हलायचं नाही हं, राजा. फोटो खराब येतो."

"म्हाईत हाय," मुलगा म्हणतो.

वडील त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. "मी हितंच हाय."

मी काचेच्या अलीकडे येतो. दार बंद होतं आणि ठोके सुरू होतात. इथून ते बोथट ऐकू येतात. आत मात्र ते कानठळ्या बसवणारे असतात. टेक्निशियनच्या समोर दोन पडदे. डाव्या पडद्यावर आकडे धावताहेत, उजव्यावर एकेक चित्र उमटतंय. मांडीचा आडवा काप. मध्ये हाडाचं काळं वर्तुळ, त्यात पांढरी मज्जा. भोवती संत्र्याच्या फोडींसारखे एकमेकांना चिकटून बसलेले स्नायू, प्रत्येकाला आपापला पातळ पडदा. सगळ्यांत बाहेर त्वचेखालच्या चरबीचा पांढरा पट्टा.

या पहिल्या प्रकारच्या चित्रात नियम सोपा आहे. स्नायू राखाडी, चरबी पांढरी. निरोगी मांडीत फोडी एकसारख्या गडद राखाडी दिसतात. इथे तसं नाही. मांडीच्या आतल्या बाजूचा मोठा स्नायू, अॅडक्टर मॅग्नस, पांढरट पडलाय. मागच्या बाजूचा एक तसाच. पुढच्या चार स्नायूंत पांढरे तंतू शिरलेत. आणि त्या सगळ्यात दोन-तीन फोडी स्वच्छ, गडद, जशाच्या तशा. सार्टोरियस, जो मांडी घालून बसताना पाय आत वळवतो. शेजारचा सडपातळ ग्रॅसिलिस. मागचा सेमिटेंडिनोसस. ड्युशेनमध्ये हे बराच काळ वाचतात. असं का, याचं पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राजवळ अजून नाही. पण ठेवण इतकी ठरलेली असते, की जाणता डॉक्टर नुसत्या कापावरून आजाराचा अंदाज बांधतो.

टेबल सरकतं. आता पोटऱ्या. मामाने दाखवलेल्या त्या पोटऱ्या. पडद्यावर त्या मोठ्या दिसतात, आणि पांढऱ्या शिरकावाने भरलेल्या. फुगवटा ताकदीचा नाही. बराचसा चरबीचा आणि तंतूंचा आहे.

दुसऱ्या प्रकारची चित्रं सुरू होतात. आवाज बदलतो. आता चरबीचा उजेड मशीनने मुद्दाम दाबलाय. जे चमकतंय ते पाणी, म्हणजे सूज. राखाडीत मधूनमधून उजळ डाग दिसतात. जिथे स्नायू अजून आहे पण मोडतोय, ती ही ठिकाणं. स्नायूच्या पेशीचं आवरण आतून धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन या मुलाच्या अंगात तयारच होत नाही. १९८७ साली या प्रथिनाला नाव मिळालं. त्याचं जनुक माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांचं. त्यातला एखादा भाग गळाला की प्रथिन बनेनासं होऊ शकतं. मग प्रत्येक आकुंचनाला आवरण थोडं फाटतं. कॅल्शियम आत शिरतं, आतली द्रव्यं रक्तात गळतात. फाइलमधली ती पाच आकडी संख्या इथूनच आलेली. काही वर्षं शरीर डागडुजी करत राहतं. मग डागडुजी संपते आणि त्या जागी चरबी भरते.

तिसरा प्रकार लवकर आटपतो. यात मशीन चरबी आणि पाणी यांचे संदेश वेगळे करतं आणि प्रत्येक ठिपक्यात चरबी किती टक्के ते काढून देतं. या पद्धतीला डिक्सन म्हणतात. नुसत्या डोळ्यांना "थोडं पांढरं", "बरंच पांढरं" एवढंच कळतं. इथे आकडा मिळतो.

रबराचा फुगा शेवटपर्यंत दाबला जात नाही. पाऊण तासाने टेबल बाहेर येतं. टेक्निशियन हेडफोन काढतो.

"झालं?" मुलगा विचारतो. "ट्रॅक्टर कुठंय?"

व्हरांड्यात आता ऊन आलंय. लोक बाकांवरून सरकत सावलीकडे गेलेत. कुणी चपाती-भाजीचा डबा उघडलाय. शेजारच्या दारावर सोनोग्राफीची पाटी आणि खाली मोठ्या अक्षरांत फलक : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. आत एका चार वर्षांच्या मुलाच्या मांडीवर जेल लावलंय. गार लागलं म्हणून तो हसतो. डॉक्टर प्रोब फिरवते. निरोगी स्नायू इथे काळसर दिसतो, मधे बारीक पांढऱ्या रेघा, खाली हाडाची ठळक चमकती कड. या मुलाच्या मांडीत काळं कमी, धुकट पांढरं जास्त. हाडाची कड फिकी पडलीय. आजार वाढला की ती दिसेनाशी होते. चार श्रेणींची ही मोजणी १९८० च्या दशकापासून चालत आलीय. बोगदा नाही, आवाज नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. एमआरआयइतकं खोलवरचं यात कळत नाही. पण जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफीचं मशीन असतंच. पोटासाठी रोज फिरणारा तो प्रोब संशय आलेल्या मुलाच्या मांडीवरही ठेवता येतो, हे तिथल्या डॉक्टरांनी मनावर घेतलं पाहिजे.

रांगेत पुढे एक तरुणी बसलीय. तिचा आजार वेगळा, चेहरा आणि खांद्यांचा. केस विंचरायला हात वर जात नाही. झोपेत पापण्या पूर्ण मिटत नाहीत. तिचा एमआरआय डोक्यापासून पायापर्यंत होणार, कारण हा प्रकार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. डावा खांदा गेलेला आणि उजवा शाबूत, असंही असतं. पूर्वी अशा वेळी स्नायूचा तुकडा काढून तपासत. तुकडा एका जागेचा. तो आधीच चरबी झालेल्या जागेतून निघाला तर हाती काही लागत नसे. आता चित्र बघून जागा ठरवता येते. पुष्कळदा तुकडा काढावाच लागत नाही, चित्रातली ठेवण बघून कोणतं जनुक तपासायचं ते ठरतं.

दुपारी एक. रिपोर्टिंगची खोली अंधारी आहे. पडद्यांचा निळसर उजेड डॉक्टरांच्या चेहऱ्यांवर. डॉक्टर मॅडमनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावलीत. डावीकडे मागचं वर्ष, उजवीकडे आज. तोच मुलगा, तीच मांडी, तोच काप. रेसिडेंट डॉक्टर माऊसने एकेका स्नायूची सीमा आखतोय. हळू काम आहे. आखून झालं की आकडा येतो. निरोगी मुलात तो बहुधा दहाच्या खाली असतो. इथे मागच्या वर्षी काही स्नायूंत दोन अंकी होता. आज तो आणखी वर गेलाय.

"काल चालवलं होतं ना याला?" मॅडम विचारतात.

रेसिडेंट फाइल उघडतो. सहा मिनिटांत मूल किती चालतं याची ती चाचणी. वरच्या मजल्यावर, आखलेल्या पट्ट्यावर. यंदाचं अंतर मागच्या वर्षीपेक्षा वीसेक मीटर जास्त आहे. आईने सकाळी हेच मला दोनदा सांगितलं होतं. जास्त चालला म्हणून.

आणि दोन्ही खरं आहे. सात वर्षांच्या आतबाहेरचं मूल वाढत असतं. पाय लांब होतात, पाऊल मोठं पडतं, तोल सुधारतो. स्नायू जात असतानाही अंतर वाढू शकतं. घड्याळ आणि टेप सुधारणा दाखवतात, चित्र ऱ्हास दाखवतं. पुढे एक दिवस वाढ मागे पडते आणि मूल अचानक घसरलं असं घरच्यांना वाटतं. ते अचानक नसतं. पांढरं वाढण्याचा वेग सुरुवातीला मंद, मधे झपाट्याचा, शेवटी पुन्हा मंद असा असतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूतला हा आकडा पाहून चालणं कधी थांबेल याचा अंदाज येतो. म्हणून जगभर नव्या औषधांच्या चाचण्यांत हा आकडा मोजतात. औषध लागू पडतंय का, ते चालण्यातून कळायच्या आधी इथे कळू शकतं. स्टेरॉइड सुरू केल्यावर सूज उतरते, तेही चित्रात दिसलेलं आहे.

मला वाटतं, ही मोजणी चाचण्यांपुरती राहू नये. मशीन तेच, इंजेक्शन लागत नाही, किरणोत्सर्ग नाही. सीमा आखणारा हात आणि त्याला मिळणारा वेळ एवढंच कमी पडतं. बहुतेक अहवालांत अजूनही "सौम्य", "मध्यम", "तीव्र" असे शब्दच येतात.

दारापाशी हालचाल. व्हीलचेअरवर पंधरा वर्षांचा मुलगा. चष्मा, ओठांवर कोवळी मिशी, मांडीवर मोबाइल. त्याच्या पायांचं चित्र आता काढत नाहीत. तिथे राखाडी फारसं उरलेलं नाही. त्याच्या हृदयाचा एमआरआय आहे. हृदयही स्नायूच. खुर्ची लोखंडी, ती दाराच्या अलीकडेच ठेवायची. चौघे त्याला उचलून चुंबक न ओढणाऱ्या गाडीवर घेतात. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, दोन गुडघ्यांखाली. गुडघे सरळ होत नाहीत. तोच सूचना देतो. "जरा डावीकडं. हां. उशी वर. बास." वडिलांच्या शर्टाची पाठ घामाने चिकटलीय. उताणं झोपलं की त्याला श्वास कमी पडतो, म्हणून सगळं भराभर. आतून आवाज येतो. श्वास घ्या. सोडा. रोखा. पुन्हा. पुन्हा.

इथे मात्र हातातून औषध द्यावं लागतं. दहाएक मिनिटांनी चित्र घेतात. हृदयाच्या निरोगी भिंतीत औषध थांबत नाही, व्रण पडलेल्या जागी थांबतं. बाहेरच्या भिंतीवर एक बारीक पांढरी रेघ उमटते. इको तपासणीत हृदय अजून चांगलं दाबतंय असं दिसत असतानाही ही रेघ सापडू शकते. ती सापडली की हृदयाची औषधं लांबवत नाहीत. या मुलांच्या आयुष्यात आता श्वास आणि हृदय यांचीच काळजी सर्वांत मोठी.

साडेतीन. ओपीडीत निळा शर्ट आईच्या मांडीवर झोपलाय. मॅडम पडदा आईकडे वळवतात. बोटाने दाखवतात. हे राखाडी आहे ते आपलं. हे पांढरं झालं ते परत येत नाही. जे आहे ते सांभाळायचं. स्टेरॉइड चुकवायचं नाही, एकदम बंद तर कधीच करायचं नाही. टाचेचा ताण रोज. रात्री स्प्लिंट. दमेपर्यंत जिने नाहीत, पण घरात बसवूनही ठेवायचं नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरलाय का? २०१६ च्या कायद्यात हा आजार नावानिशी आहे.

"किती दिवस चालंल, मॅडम?"

मॅडम टाळत नाहीत. औषधाविना ही मुलं साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालतात. स्टेरॉइडने त्यात दोन-तीन वर्षांची भर पडते. त्यापुढे हात, श्वास, हृदय यांनाही त्याचा फायदा होतो.

आई मान हलवते. पडद्याकडे बघत राहते. मग विचारते, "घरी धाकटा हाय. अडीच वर्साचा."

मॅडम कागद ओढून घेतात. धाकट्याचं सीपीके. आईचंही. दोष आईकडून आला असेल तर तिचं हृदयही तपासायला हवं. सुमारे एकतृतीयांश मुलांत दोष नव्याने उपजतो, पण गृहीत धरून चालायचं नाही. सही होते. शिक्का बसतो. मामा झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेतो. रात्रीची गाडी नऊची आहे.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात, चाळीत, अंगणवाडीत एखादा मुलगा दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, तीन-चार वर्षांचा होऊनही सारखा पडत असेल, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत असेल, आणि त्याच्या पोटऱ्या वयाच्या मानाने भरदार असतील, तर त्याच्या डॉक्टरांना एवढंच सांगा : याचं सीपीके करा. काही शे रुपयांची रक्ततपासणी आहे, आणि ती कुठल्याही तालुक्याच्या गावी होते.